एका खुर्चीचं सरकार

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाच्या विधानसभेत अधूनमधून एक प्रश्न येतो. ऐकायला तो अगदी किरकोळ वाटतो. लहान गावांचा एखादा आमदार उठतो आणि मंत्र्यांना विचारतो, माझ्या मतदारसंघातल्या अमुक गावातली सेवा अधिकाऱ्याची, म्हणजे लोकांची सरकारी कामं बघणाऱ्या कर्मचाऱ्याची, जागा कधी भरणार, आणि ती भरेपर्यंत लोकांची कामं कोण करणार? त्या गावात माणसं किती, तर शंभर. कधी ऐंशी. आपल्याकडे एवढ्या वस्तीचं गाऱ्हाणं तालुक्याच्या ठिकाणीही कुणी धड ऐकून घेणार नाही. राज्याच्या सभागृहात ते मांडायचं म्हटलं तर आमदारालाच संकोच वाटेल.

माझ्या मते मात्र त्या सभागृहात याहून मोठे प्रश्न फारसे विचारले जात नसतील. हिऱ्यांच्या खाणी, नवे महामार्ग, ओटावातल्या संघीय सरकारशी चालणाऱ्या वाटाघाटी यांवर बोलणारे पुष्कळ असतात. पण सरकार खरोखर अस्तित्वात आहे की नाही, याचा निकाल त्या ऐंशी माणसांच्या गावात लागतो.

आधी पसारा लक्षात घेऊ. हा प्रदेश महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आहे आणि २०२१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या होती ४१,०७०. आपल्याकडचा जिल्हा परिषदेचा एखादा गट उचलून साडेतेरा लाख चौरस किलोमीटरवर भिरकावून द्यावा, तसं हे. त्यातली निम्मी माणसं यलोनाइफ या राजधानीत. ‘हे रिव्हर’, इनुविक आणि फोर्ट स्मिथ ही त्यातल्या त्यात मोठी गावं. बाकीच्या बहुतेक वस्त्या हजाराच्या आतल्या, देने, मेटी आणि इनुव्हियालुइत (पश्चिमेकडचे इनुइट) या आदिवासी लोकांच्या.

नैऋत्येकडचा नहानदे हा मतदारसंघ घ्या. त्यात सहा गावं. फोर्ट सिम्पसन हे हजार-अकराशे वस्तीचं मुख्य गाव. मग फोर्ट लियार्ड, रिग्ली, जीन मरी रिव्हर, नहानी ब्यूट आणि सांबा के. यांतली शेवटची तीन-चार तर शंभराच्या आगेमागेच. रिग्लीला मॅकेंझी महामार्ग संपतो आणि वाटेत दोन नद्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. नदी गोठत असताना आणि वसंतात तिचा बर्फ फुटत असताना फेरीही नाही नि बर्फावरचा रस्ताही नाही. सांबा केला रस्ता असतो तो फक्त थंडीत, गोठलेल्या जमिनीवरून. एरवी विमान.

अशा गावांसाठी २०१० च्या सुमारास तिथल्या सरकारने एक चांगली कल्पना राबवायला घेतली. आपण जिला ‘एक खिडकी’ म्हणतो तीच. गावात एक लहान कार्यालय, त्यात ‘गव्हर्न्मेंट सर्व्हिस ऑफिसर’ नावाचा एक कर्मचारी, शक्यतो गावातलाच. कुठल्याही खात्याचं काम असो, लोकांनी त्याच्याकडे यायचं. जन्मदाखला, आरोग्य कार्ड, घराचा अर्ज, निवृत्तिवेतन, विद्यार्थ्यांचं अर्थसाहाय्य, सगळं तोच बघणार. संघीय सरकारच्या अर्जांतही तो मदत करणार, आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्या भाषेत समजावून सांगणार. या प्रदेशाच्या अधिकृत भाषा अकरा आहेत. इंग्रजी आणि फ्रेंच वगळल्या तर नऊ स्थानिक. सरकारी अर्जाची इंग्रजी ही बारावी भाषा धरायला हरकत नाही.

हे काम कारकुनी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एका आजीबाईंच्या कागदांचा प्रवास डोळ्यांसमोर आणावा. कॅनडात कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मूळ निवृत्तिवेतनावर एक पुरवणी रक्कम मिळते. ती चालू ठेवायची तर दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत आयकराचं विवरणपत्र भरावं लागतं. कर शून्य असला तरी. उत्पन्नाची माहिती पोचली नाही तर जुलैपासून पुरवणी बंद. नातवंडं याच आजीबाईंकडे राहत असतील, तर मुलांसाठीचा मासिक भत्ताही त्याच विवरणपत्राला टांगलेला. घर सरकारी असेल तर त्याचं भाडं उत्पन्नावर ठरतं, म्हणजे तिथेही उत्पन्नाचा कागद हवा. एक कागद राहिला की तीन ठिकाणी गाडं अडतं, आणि अडलं आहे हे कळतं ते पैसे यायचे थांबल्यावर. मधल्या काळात दुकानातलं दूध आणि चुलीतलं इंधन कुणी उधार देत नाही. सेवा अधिकाऱ्याच्या खुर्चीतला माणूस मार्च महिन्यात या आजीबाईंच्या घरी चहाला जाऊन आला असता, तर यातलं काहीच घडलं नसतं.

आणि कागद म्हणजे काय, तर नाव आणि जन्मतारीख. इथे इतिहास आडवा येतो. १९४० च्या दशकात कॅनडाच्या सरकारला इनुइट लोकांची नावं लिहिणं जड वाटू लागलं, म्हणून त्यांना क्रमांक दिले. गोल बिल्ला, त्यावर पूर्वेकडच्यांसाठी ‘ई’, पश्चिमेकडच्यांसाठी ‘डब्ल्यू’, पुढे आकडे. गळ्यात घाला नाहीतर अंगरख्याला शिवा. पुढे याची लाज वाटू लागली, तेव्हा १९६८ पासून काही वर्षं आडनावं नोंदवण्याची मोहीम चालली. टेरिटरीजच्या कौन्सिलवरचे पहिले इनुक (इनुइटचं एकवचन) सदस्य एब ओक्पिक हे गावोगाव हिंडून लोकांची नावं लिहून घेत होते. माणूस चांगला, हेतूही चांगला. पण ज्या समाजात आडनाव ही चीजच नव्हती तिथे ते अर्जाच्या चौकटीत बसवायचं, म्हटल्यावर स्पेलिंगचे घोळ आलेच. देने लोकांना मिशनऱ्यांनी बाप्तिस्म्याची नावं दिली होती, त्यांची तऱ्हा वेगळी. वस्तीपासून दूर शिकारीच्या तळावर जन्मलेल्यांच्या तारखा अदमासाने लिहिलेल्या. आपल्याकडे १ जूनला जन्मलेल्यांची एक अख्खी पिढी आहे, आणि ती तारीख गुरुजींनी दिलेली आहे हे आपल्याला कुणी समजावून सांगायला लागत नाही. उत्तरेतल्या म्हाताऱ्या माणसाची गंमत तीच, फक्त शहरातल्या कॉल सेंटरवर बसलेल्या मुलीला ती ठाऊक नाही. तिच्या पडद्यावर दोन नावं जुळत नाहीत, एवढंच तिला दिसतं. गावातल्या अधिकाऱ्याला ठाऊक असतं की ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, कारण तो त्याचा मामा आहे.

हे ज्ञान कुठल्याही संगणक प्रणालीत नाही. ते त्या खुर्चीत बसलेल्या माणसात आहे, आणि तो गेला की त्याच्याबरोबर जातं.

आता सरकारी हिशेबाकडे येतो, कारण माझा खरा वाद त्याच्याशी आहे. शहरातल्या कार्यालयात दहा माणसं असतात. एक सोडून गेला तर रांग लांबते, कुरकुर होते, काम चालू राहतं. त्या कार्यालयात दहा टक्के जागा रिक्त आहेत असं अहवालात लिहिता येतं आणि ते खरंही असतं. ऐंशी माणसांच्या गावात खुर्ची एकच. ती भरलेली असते किंवा रिकामी असते. तिथे दहा टक्के असा आकडाच संभवत नाही. पण यलोनाइफला बसून सगळ्या गावांची सरासरी काढली, की रिकाम्या खुर्च्या भरलेल्या खुर्च्यांमध्ये विरघळून जातात आणि एक सुबक, खपण्याजोगा आकडा हाती येतो. मंत्री सभागृहात तो आकडा वाचून दाखवतात. खोटं बोलत नाहीत. पण प्रश्न विचारणाऱ्याच्या गावाला त्या आकड्यात जागा नसते.

परिचारिकेचं तेच, पोलिसांचं तेच. रिग्लीसारख्या गावात ‘माउंटेड पोलीस’ या कॅनडाच्या पोलीस दलाचं ठाणं नाही. पोलीस यायचे ते फोर्ट सिम्पसनहून, फेरी चालू असली आणि रस्ता बरा असला तर. ‘सेवा उपलब्ध आहे’ या सरकारी वाक्यात नदीचा उल्लेख नसतो.

यावर हल्ली एक ठरलेलं उत्तर असतं : ऑनलाइन करा. उपग्रहावरचं इंटरनेट आता दूरच्या वस्त्यांतही पोचलं आहे, मग खुर्ची हवी कशाला? इंटरनेटला माझा विरोध नाही. फोर्ट लियार्डच्या तरुण पोराला त्याचा उपयोगच आहे. पण ज्याला ऑनलाइन जमतं त्याची अडचण मुळात लहान होती. ज्याची अडचण मोठी आहे, त्याला लॉगइन करायला ओळखपत्र लागतं, आणि ओळखपत्र मिळवायलाच तर तो त्या खिडकीवर गेला होता. शिवाय ऑगस्ट २०२३ आठवा. वणव्यांनी फायबरची लाइन जाळली आणि दक्षिणेकडच्या गावांचे फोन आणि इंटरनेट बंद पडले, नेमके अशा वेळी की जेव्हा गाव सोडून पळायचं होतं. काही दिवसांतच यलोनाइफही रिकामं करावं लागलं. वीस हजार माणसं घरदार सोडून निघाली आणि सुमारे तीन आठवडे परक्या शहरांत राहिली. राजधानीतल्या माणसांनी त्या दिवसांत रांगा लावल्या, अर्ज भरले, माहिती कुणाकडे मिळेल म्हणून दहा ठिकाणी विचारलं. माझी अपेक्षा होती की त्यानंतर लहान गावांच्या प्रश्नांना यलोनाइफहून येणारी उत्तरं बदलतील. अनुभवाने माणूस शहाणा होतो, सरकारी खातं होतंच असं नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. ऐंशी माणसांमागे एक पगारी अधिकारी, त्याला घर, घराला डिझेलवरची वीज, वरून विमानाचं भाडं, हे परवडतं का? या प्रदेशाचा अर्ध्याहून अधिक महसूल ओटावाहून येतो. खर्च कशाला म्हणतात ते तिथे रोज कळतं. २०२४ मध्ये मॅकेंझी नदीचं पाणी इतकं उतरलं की नॉर्मन वेल्स, तुलिता आणि फोर्ट गुड होप यांना माल पोचवणारे सरकारी बार्ज (मालवाहू बोटी) रद्द करावे लागले. नॉर्मन वेल्स हे तेलाचं गाव. तिथलं कच्चं तेल १९८५ पासून पाइपलाइनने दक्षिणेला जात होतं. त्याच गावात घरं तापवायचं इंधन बाहेरून विमानाने आणायची पाळी आली. अशा मुलखात सेवा अधिकाऱ्याचा पगार हा काही परवडण्या-न परवडण्याचा मुद्दा नाही, त्या खर्चाच्या डोंगरात तो खडा आहे. उलट तो खडा काढला की खर्च वाढतो. थांबलेला भत्ता पुन्हा सुरू करायला चार खात्यांचे फोन होतात, भाडं थकतं, थकबाकीची नोटीस जाते, ती नोटीस मागे घ्यायला पुन्हा कुणीतरी विमानाने जातं. हा हिशेब कुणी एका वहीत मांडत नाही, कारण प्रत्येक खात्याची वही वेगळी.

मग या लोकांनी मोठ्या गावात येऊन राहावं, असं दबक्या आवाजात सुचवणारेही असतात. हा प्रयोग झालेला आहे. मॅकेंझीच्या त्रिभुज प्रदेशात अक्लाविक नावाचं गाव पुरात बुडतं आणि काठ ढासळतो म्हणून १९५० च्या दशकात सरकारने कोऱ्या जागेवर इनुविक हे नवं गाव बांधलं. शाळा, इस्पितळ, कार्यालयं, सगळं तिकडे नेलं. अक्लाविक आपोआप ओस पडेल असा अंदाज होता. आज साठ-सत्तर वर्षांनीही तिथे पाचशेहून जास्त माणसं राहतात. हार मानायची नाही, हे त्या गावाचं ब्रीदवाक्यच होऊन बसलं. सेवा हलवल्या की माणसं हलतात, हा समज तिथे पुसला गेला. माणसं राहतात आणि सेवेवाचून राहतात, एवढंच होतं.

आणि सरकारला मनात आलं की त्या गावांपर्यंत पोचता येतं, हेही इतिहासात नोंदलेलं आहे. १९२० मध्ये नॉर्मन वेल्सला तेल लागलं. पुढच्याच उन्हाळ्यात, १९२१ मध्ये, देने लोकांशी जमिनीबाबत करायच्या करार क्रमांक ११ च्या सह्या घ्यायला सरकारी मंडळी बोटीने नदी उतरत गावोगाव गेली. एका उन्हाळ्यात! तेव्हा ना अंतर आड आलं ना भाषा. पन्नासेक वर्षांनी वायुवाहिनी टाकायचा घाट घातला गेला तेव्हा न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांची नेमणूक झाली. त्यांनी मात्र ३५ गावांमध्ये जाऊन, लोकांच्या भाषेत, जवळपास हजार माणसांचं म्हणणं ऐकलं आणि १९७७ च्या अहवालात मॅकेंझी खोऱ्यातलं काम दहा वर्षं थांबवा असं सांगितलं. त्या अहवालाची कीर्ती जगभर झाली. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की गावं लहान आहेत म्हणून त्यांनी कुणाला शहरात यायला लावलं नाही.

मुळात यलोनाइफ ही राजधानी तरी का झाली? १९६७ पर्यंत या प्रदेशाचा कारभार ओटावाहून, हजारो किलोमीटर दुरून चालायचा. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये आयुक्त स्टुअर्ट हॉजसन आपले कर्मचारी घेऊन विमानांनी यलोनाइफला उतरले, कारण सरकार लोकांजवळ असावं असं ठरलं होतं. नहानी ब्यूटचा माणूस आज यलोनाइफकडे बघून त्याच वाक्याची आठवण करून देतो, तर त्यात वावगं काय?

आता त्या आमदाराबद्दल. तिथल्या विधानसभेत पक्ष नाहीत. १९ सदस्य स्वतंत्रपणे निवडून येतात, मग गुप्त मतदानाने आपल्यातूनच प्रीमियर (मुख्यमंत्री) आणि सहा मंत्री निवडतात. सभापती सोडले तर बाकीचे अकरा जण बाहेर, म्हणजे मंत्रिमंडळ कायम अल्पमतात. आपल्या सवयीला हे विचित्रच वाटतं. पक्षादेश नाही, व्हिप नाही, गटनेता नाही. २०२० मध्ये या सभागृहाने एका मंत्र्याला मतदान करून मंत्रिमंडळाबाहेर काढलं होतं. तेव्हा तिथल्या साध्या सदस्याचा प्रश्न अगदीच बिनदाताचा नसतो. १९९९ मध्ये पूर्वेकडचा भाग नुनावुत या नावाने वेगळा झाला आणि उरलेल्या सभागृहात १४ जागा राहिल्या. यलोनाइफवर अन्याय होतो असा दावा न्यायालयात गेला, न्यायालयाने तो मानला, आणि जागा १९ झाल्या. त्यातल्या सात आज यलोनाइफच्या. लोकसंख्येच्या मानाने तरीही लहान गावांना थोडं झुकतं माप आहे, आणि शहरातले काही लोक त्याबद्दल अधूनमधून नाराजी व्यक्त करतात. माझ्या मते ते माप योग्य आहे, पण एका अटीवर. जास्तीचं मत दिलं आणि त्या मताने विचारलेल्या प्रश्नाला ‘बघतो, कळवतो’ एवढंच उत्तर मिळालं, तर ते झुकतं माप म्हणजे नुसती शोभा.

काही जण आमदारालाच टोकतात. धोरणावर बोला, एकेका जागेचा पाठपुरावा हे आमदाराचं काम नव्हे. तत्त्वतः मान्य. पण खुर्ची रिकामी झाली की गावातला फोन कुणाला जातो? आमदाराला. त्याच्या सहायकाचा दिवस मग निवृत्तिवेतनाच्या आणि जन्मदाखल्याच्या फोनवर जातो. सेवा अधिकारी नसला की आमदारच सेवा अधिकारी होतो, आणि मग धोरणावर बोलायला सभागृहात उरतात ती शहरातली मंडळी, ज्यांच्या मतदारांना खिडकीसाठी फार तर दोन चौक चालावं लागतं. एका रिकाम्या खुर्चीने गावाची सेवाही जाते आणि गावाचं राजकारणही.

मंत्र्यांनी काय करावं? पहिलं, सरासरी देणं बंद करावं. दरवर्षी प्रत्येक गावापुढे एकच आकडा छापावा, यंदा खिडकी किती दिवस उघडी होती. बास. त्या एका रकान्याला घाबरून अर्ध्या जागा भरल्या जातील, अशी माझी समजूत आहे. दुसरं, पर्यायी माणूस आधीच शिकवून ठेवावा. अधिकारी आजारी पडतो, बाळंत होते, शिकारीच्या हंगामात रजेवर जाते. हे काही आभाळातून कोसळणारं संकट नाही. तिसरं, बाहेरून माणूस आणून त्याला घर शोधत बसण्याऐवजी गावातल्याला घ्या, पदवीची अट सोडून घ्या. प्रदेशात निम्मे लोक आदिवासी असूनही सरकारी नोकरीत त्यांचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्यापलीकडे जात नाही. या जागा तरी अशा आहेत की जिथे गावची भाषा येणं हीच पदवी आहे.

चौथी गोष्ट मंत्र्यांना कमी आवडेल. २००५ मध्ये देनेंपैकी त्लिचो लोकांचं स्वतःचं सरकार आलं, २०१६ मध्ये डेलिने गावाने पालिका आणि आदिवासी शासन एकत्र करून आपलं सरकार उभं केलं. तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पण डेलिनेत खुर्ची रिकामी राहिली तर जबाबदार माणूस त्याच गावात राहतो आणि त्याच दुकानात दूध आणायला जातो. ज्या गावांची तयारी आहे त्यांना पैशासकट ही खिडकी चालवायला द्यावी. पैशाशिवाय दिली तर तो कारभार सोपवणं नव्हे, अंग काढून घेणं.

हे व्हायला वर्षं लागतील. सभागृहातला प्रश्न मात्र आत्ताचा आहे आणि त्याला कॅलेंडर आहे. सांबा केचा बर्फाचा रस्ता वसंत लागला की खचायला लागतो. विवरणपत्राची शेवटची तारीख ३० एप्रिल. त्याच सुमारास लियार्ड नदी फुटते आणि फोर्ट सिम्पसनची फेरी सुरू व्हायला आणखी काही आठवडे जातात. पुरवणी रक्कम थांबते ती जुलैमध्ये. म्हणजे त्या खुर्चीत माणूस हवा तो बर्फ घट्ट असताना, मार्च उजाडायच्या आत. ‘लवकरच’ हा शब्द त्या कॅलेंडरात कुठे बसतो, ते मंत्र्यांनी सांगावं.